शिळं चांदणं

१

चौथ्या दिवशी सकाळी पाणी वाढलेलं होतं.

नीलांबरी घराच्या सपाट, मातीच्या धाब्याला लावलेल्या शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती. वाडग्यावरचं मलमलीचं फडकं तिने उचललं आणि ते तसंच हातात राहिलं. वाडगा काशाचा, तिच्या रुखवतातला. आतून, काठाखाली तीन बोटांवर, एक बारीक वेल कोरलेली होती. काल दिवेलागणीला तिने पाणी बरोबर वेलीला टेकेल इतकंच करून ठेवलं होतं. आता वेल बुडाली होती. पाण्याखालून तिची पानं जरा मोठी दिसत होती.

चैत्र लागला होता. बेलापूरच्या पुढे, पाटाकाठच्या त्या क्वार्टरमध्ये, चैत्रात कुठलंच पाणी वाढत नसे. आडातलं उतरायचं, माठातलं उतरायचं, झाकून ठेवलेल्या तांब्यातलंसुद्धा सकाळपर्यंत बोटभर कमी व्हायचं. इंटर सायन्सपर्यंत शिकलेल्या बाईला ते कुणी समजावून सांगायला नको होतं.

"दव पडलं असेल," ती मोठ्याने म्हणाली आणि आपल्याच आवाजाने दचकली. पायरीवरून पाय निसटता निसटता राहिला.

दव पडलं असतं तर फडक्यावर पडलं असतं. फडकं कोरडं होतं. फक्त मधोमध, रुपयाएवढा, एक ओलसर ठिपका होता. आणि तो खालच्या बाजूने होता.

पूर्वेला उसाच्या फडांवर तांबडं फुटत होतं. उन्हाची तिरीप लागायच्या आत वाडगा खाली न्यायचा होता. तिने फडकं पुन्हा झाकलं, वाडगा पोटाशी धरला आणि एकेक पायरी चाचपत उतरली. वाडगा कालच्यापेक्षा जड लागत होता. पण त्या दिवसांत तिला सगळंच जड लागायचं. स्वतःची वेणीसुद्धा.

२

लीना पाच वर्षांची होती. मार्गशीर्षात तिला विषमज्वर झाला, एकवीस दिवस अंगावरून उतरला नाही, आणि उतरला तेव्हा तिचा आवाज घेऊन गेला. नगरच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, म्हणाले, सगळं शाबूत आहे, वाट बघा. चार महिने झाले. लीना जेवायची, बघायची, बोट धरून चालायची. हाक मारली तर मान वळवायची नाही. रात्री झोपायची नाही. डोळे उघडे ठेवून छताच्या तुळयांकडे बघत पडायची आणि तिच्या शेजारी नीलांबरी तिच्याकडे बघत पडायची.

तापाआधी ही पोर घरात कुठेही असो, हाक मारली की लांबवर ओढून "ओऽऽ, आले!" म्हणायची. आणि यायची मात्र नाही. त्या 'आले'वरून नीलांबरीने तिला कितीदा रागावलं होतं. आता दिवसभर काम करताना तिच्या कानात तेवढंच असायचं.

पाणी भरायला यायची ती झुंबरबाई. तिनेच एक दिवस हंडा उतरवून ठेवत लीनाकडे नीट पाहिलं.

"वैनी, लेकरू मुकं न्हाई. आवाज हाय तिचा. भ्यालाय अन् कुठंतरी दडून बसलाय. चांदणं पाजा तिला."

"चांदणं कसं पाजायचं, झुंबरबाई?"

"पान्यातनं. मंग काय बशीत वतून?"

नीलांबरीला किती दिवसांनी हसू आलं. झुंबरबाई हसली नाही.

"बिजंचा चांद दिसला की काशाच्या भांड्यात पानी घ्यायचं, धाब्यावर ठिवायचं, वरनं पातळ फडकं. पान्यात तोंड करून लेकीला तीन हाका मारायच्या. मंग पाठ फिरवायची अन् खाली यायचं. वर थांबायचं न्हाई, ओ यायची वाट बघायची न्हाई. ओ घरात आली पायजे, लेकराच्या तोंडातनं. सकाळी ऊन लागायच्या आत खाली आनून दोन चमचे पाजायचं, उरलेलं तुळशीला. रोजचं रोज. ताजं पानी, ताजं चांदणं. पुनवंपत्तुर."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"सासूनं. लोक तिला चेटकीन म्हनायचे. अन् लेकरू दुखायला लागलं की तिच्याच दारात येऊन बसायचे."

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई लेकीच्या बाळंतपणाला कोपरगावला गेली. जाताना सांगून गेली, दोन हंडे सून टाकून जाईल, जास्ती मागू नका, आडाला तळ दिसायला लागलाय.

बाकी सगळं नीलांबरीने सांगितल्यासारखं केलं. उरलेलं तेवढं तुळशीला घातलं नाही. एक तर पाण्याची टंचाई. पाट बंद होता, आंघोळीचं पाणी लीनाच्या परकरांना पुरवावं लागत होतं. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते तिने कुणाला सांगितलं नसतं. त्या पाण्यात तिने लीनाला हाक मारलेली होती. लेकीचं नाव मातीत कसं ओतून द्यायचं? ज्यात हाक आहे तेच पाणी पुन्हा वर ठेवावं, त्यात पुन्हा हाक मारावी, म्हणजे हाकेला जोर येईल, असं तिला वाटलं. दह्याला नाही का थोडं कालचं ठेवावं लागत?

३

"पाट कोरडा, आणि तुझ्या वाडग्याला पाणी सुटलंय," रविकांत म्हणाला. "साहेबांना कळवू का?"

रविकांत, तिचा नवरा, कालव्याच्या कचेरीत कारकून होता. रोज सकाळी पाटाच्या दारापाशी जाऊन मोजपट्टीवरचा आकडा वहीत टिपायचा, हे त्याचं काम. पाट कोरडा असला तरी शून्य टिपायला जावंच लागे. तो सायकलला पाय लावून उभा होता. थट्टा करत होता, पण डोळे हसत नव्हते. लढाईमुळे कचेरीतली निम्मी माणसं कमी झाली होती आणि सगळ्यांचं काम याच्या अंगावर होतं.

"तुम्ही बघा ना एकदा. मोजून बघा."

"नीला, तू रात्रभर जागी असतेस. संध्याकाळी किती घातलं ते तुला सकाळी आठवत नाही, एवढंच आहे." मग जरा थांबून तो म्हणाला, "पुण्याच्या त्या शाळेच्या बाईंचं पत्र आलंय. पुनवेनंतरच्या सोमवारी घेऊन या म्हणतात. तिथं राहायची सोय आहे. मुक्या मुलांना खुणांनी बोलायला शिकवतात."

"ती मुकी नाही."

"बरं."

"तिने एक ओ दिली तर? एकच?"

रविकांतने सायकलची घंटी उगाच अंगठ्याने पुसली. "एक ओ दिली तर त्याच दिवशी मी पत्र लिहीन, येत नाही म्हणून. मला काय हौस आहे का ग पोर पुण्याला ठेवायची?"

तो गेला. बांधावरून सायकल दिसेनाशी होईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत आली आणि लीनाला दोन चमचे पाणी पाजलं. पाणी गार होतं. चैत्रातल्या सकाळी नसावं इतकं गार. लीनाने दुसऱ्या चमच्यानंतर तोंड मिटलं नाही. तिसऱ्यासाठी उघडंच ठेवलं.

४

सहाव्या दिवसापासून लीना झोपायला लागली.

अशी झोपायची की नीलांबरी तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण चार महिन्यांची सवय, आता लेकरू झोपलं तरी हिचा डोळा लागेना. पहाटे कधीतरी ग्लानी यायची आणि नेमका तेव्हाच वरून आवाज यायचा. मोठा नाही. माजघराच्या बरोबर वर, धाब्याच्या मातीवर, भांडं जरासं सरकल्यासारखा. एखादं मूल आपलं ताट आपल्याकडे ओढून घेतं, तेवढाच.

मांजर असेल. सकाळी वाडगा जिथे ठेवला तिथेच असायचा. फडक्याची चारही टोकं, तिने ठेवलेल्या चार दगडांखाली, जशीच्या तशी. पाणी मात्र काठाला येत चाललं होतं. आता वरून घालावंच लागत नव्हतं. दोन चमचे काढले तरी दुसऱ्या दिवशी भरून यायचं.

आणि तो ओला ठिपका. तो आता गोल राहिला नव्हता. मध्ये जरा चिंचोळा, दोन्ही बाजूंना जरा फुगीर. लीना तान्ही असताना दुपट्यात तोंड खुपसून झोपायची तेव्हा दुपट्यावर असाच डाग उठायचा. नीलांबरीने तो पाहिला आणि फडकं धुवायला टाकलं. दुसरं घेतलं. दुसऱ्यावरही तसाच.

तिने यावर विचार केला नाही. विचार करायला अंगात काही तरी शिल्लक लागतं. लीनाचे ओठ हलायला लागले होते, आवाज नव्हता पण हलत होते. पुनव आठ दिवसांवर होती.

५

द्वादशीच्या संध्याकाळी तिने वर जाऊन वाडग्यावर वाकून तीन हाका मारल्या.

"लीना. लीना. लीना."

तिसरी हाक रोजच संपता संपता बसायची. दम पुरायचा नाही. ती पाठ फिरवून शिडीकडे आली, एक पाय पायरीवर ठेवला आणि खालून, घरातून आवाज आला.

"लीना."

ती शिडीला धरून बसलीच. रविकांत फिरतीवर होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. बारीक, घोगरा, चार महिने न वापरलेला आवाज. लेकीचा आवाज. कशी उतरली ते तिचं तिला कळलं नाही.

लीना अंथरुणावर उताणी पडली होती. डोळे तुळयांकडे. नीलांबरीने तिचा चेहरा हातात धरला. "बोललीस ना? सोन्या, काय म्हणालीस? ओ म्हण. ओ दे ना आईला."

लीनाने तिच्याकडे पाहिलं नाही. ओठ उघडले.

"लीना," ती तुळयांना म्हणाली. "लीना. लीना."

तिसरी हाक संपता संपता बसली. नीलांबरीची बसायची तशीच, त्याच जागी, तोच दमलेला श्वास टाकून.

दुसऱ्या दिवशी रविकांत परतला तेव्हा तिने सांगितलं. त्याने लीनाला मांडीवर घेतलं, किती आर्जवं केली, गूळ दिला, टाळ्या वाजवल्या. लीनाने गूळ खाल्ला. शेवटी तो उठला, आणि नीलांबरीला त्याच्या पाठीवरून कळलं की त्याला तिचीच काळजी वाटायला लागली आहे.

ती त्याच्याशी भांडली नाही. कारण तिला स्वतःलाच ते बोलणं वाटलं नव्हतं. लीना बोलली नव्हती. ती कुणाला तरी हाक मारत होती.

६

चतुर्दशीला झुंबरबाई आली. नात झाली म्हणून गुळाचा खडा घेऊन आली.

"नाक अक्षी माझं घेतलंय बघा. जावई म्हनतो, आता हिचं लगीन कसं हुनार!" ती आपणच खदखदून हसली. मग माजघरातल्या कोनाड्याकडे तिची नजर गेली. वाडगा तिथे होता, काठोकाठ, फडक्याखाली. तिचं हसू तोंडावरच राहिलं.

"वैनी, हे कवाचं पानी?"

"आजचंच. म्हणजे, काल रात्रीही ठेवलेलं."

"उरलेलं कुठं वतता रोजचं?"

नीलांबरीला एकदम परीक्षेत चुकल्यासारखं झालं. तिने सांगितलं. झुंबरबाईने कमरेवरचा हंडा खाली ठेवला आणि दोन पावलं मागे सरली.

"बारा दिस तेच? अग बाई ग. शिळं पानी आपुन द्येवाला घालीत न्हाई. अन् शिळं चांदणं लेकराला पाजलंस?" 'वैनी', 'तुमी' सगळं ती विसरली होती.

"पण तिला आता झोप लागते हो."

"लागंल की. दुसरं कुनी जागं ऱ्हायला लागल्यावर तिला झोप लागंलच."

"दुसरं कोण?"

"मला नगं इचारूस. मी सासूला इचारलं हुतं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठिवला हुता." तिने लीनाकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आज ते वर ठिवू नगस. उद्या ऊन डोक्यावर आलं की पाटाच्या पल्याड नेऊन भर उन्हात सांड. चांदण्यात न्हाई, आयकलंस? चांदण्यात सांडलंस तर ते मोकळं हुईल."

वाडग्याजवळ ती गेली नाही. हंडा दारातच ठेवून निघून गेली.

७

पुनवेच्या दुपारी नीलांबरी वाडगा घेऊन निघाली होती. खरंच निघाली होती. कोरड्या पाटात उतरली, पलीकडच्या बांधावर चढली. ऊन नुसतं भाजत होतं. मागे चाहूल लागली म्हणून दचकून वळली तर लीना होती, अनवाणी. लीनाने दोन्ही हातांनी वाडग्याचा काठ धरला, आईच्या तोंडाकडे पाहिलं, चार महिन्यांत पहिल्यांदा सरळ पाहिलं, आणि तोंड उघडलं. ओठांचा गोल झाला. ओ म्हणायला होतो तसा.

आवाज आला नाही. पण सोमवार परवावर होता.

नीलांबरी वाडगा घेऊन परत आली. एक पुनव तर राहिली आहे, ती म्हणाली. आज शेवटच्या तीन हाका. सकाळी नक्की सांडून टाकीन.

संध्याकाळी पाटाला पाणी सुटणार होतं. दार उघडायला हजर राहायचं म्हणून रविकांत लवकर गेला. लीना झोपली. उसावरून चंद्र वर आला, मोठा, तांबूस, आणि नीलांबरी शिडी चढली.

वाडगा ठेवला, फडकं पसरलं, चार कोपऱ्यांवर चार दगड. हाक मारायला वाकली. वारा अजिबात नव्हता. उसाचं एक पान हलत नव्हतं.

फडकं हललं.

मधोमध, जिथे रोज डाग उठायचा तिथे, ते आत ओढलं गेलं. पाण्याला टेकलं. मग हळूच वर फुगलं. पुन्हा आत. तिला दिसलं की त्याला एक लय आहे, आणि ती लय तिला ओळखीची आहे. नाकाखाली बोट धरून ती रोज रात्री तीच मोजत होती.

किंचाळायला हवं होतं. तेवढा जोरही नव्हता. तिने वाडगा फडक्यासकट उचलला आणि धाब्याच्या मागच्या कठड्यावरून पालथा केला. झुंबरबाईचं बोलणं तिला आठवलं, पण तेव्हा पाणी पडत होतं. बराच वेळ पडत होतं. वाडग्यात मावेल त्यापेक्षा किती तरी जास्त वेळ, चांदण्यात पांढरं होऊन. आणि खाली मातीवर पडल्याचा आवाज येत नव्हता. तिने कान दिला. कसलाच नाही.

वाडगा हातातून सुटून धाब्यावर घरंगळला. ती शिडीवरून जवळजवळ पडतच उतरली आणि तिच्या वजनाने शिडी सरकली, भिंत घासत आडवी झाली. तिने ती उचलली नाही.

८

अंथरूण रिकामं होतं. उशीवर डोक्याचा खळगा होता, हात लावला तर अजून गरम.

"लीना?"

माजघरात नव्हती. स्वयंपाकघरात चुलीमागे नव्हती. बाजेखाली, पिंपामागे, दारामागे, साड्या टांगलेल्या दोरीमागे. प्रत्येक खोलीत ती हाक मारायची आणि प्रत्येक खोलीतून तिचीच हाक तिला परत यायची, जरा उशिरा, जरा दमून. कंदिलात रॉकेल तळाशी होतं. ज्योत लपलपत होती.

मागचं दार उघडं होतं.

बाहेर आली तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. वरच्या अंगाने, कोरड्या पाटातून, पाला आणि काटक्या लोटत येणारं पाणी. पाटाचं दार उघडलं होतं.

"लीना! अग लीना!"

ती पाटाकडे पळाली. चांदण्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. बांध, पायऱ्या, बाभळ. आणि सगळ्यात खालच्या पायरीवर उकिडवी बसलेली लीना, पिवळा परकर, पाठमोरी, पाय पाटाच्या तळाशी टेकलेले. फेसाची कड वळणावर दिसायला लागली होती. नीलांबरीने तिला काखेत हात घालून वर ओढलं, आणि ती बांधावर बसली तेव्हा खालच्या पायरीवरून पाणी गेलं.

लीना जिवंत होती. अंग गार होतं, छाती धडधडत होती. तिने आईच्या मानेत तोंड खुपसलं. तिचे ओठ नीलांबरीला कातडीवर जाणवत होते, मिटलेले, घट्ट. नीलांबरी तिला पोटाशी धरून हलत राहिली. रडूही येईना. सोमवारचं पुणं, शाळेच्या बाईंचं पत्र, सगळं एकदम आठवलं आणि कसलंच काही वाटलं नाही. ती फार दमली होती. फक्त सवयीने, चार महिन्यांच्या सवयीने, लेकीच्या केसांत तोंड ठेवून ती पुटपुटली,

"लीना?"

मानेवरचे ओठ हलले नाहीत.

समोर घर होतं. भिंतीपाशी शिडी आडवी पडलेली. वर धाब्याच्या कठड्यापाशी फडकं होतं. ते खाली पडलेलं नव्हतं. उभं होतं, पांढरं, काहीतरी झाकून असल्यासारखं, बसलेल्या लेकराएवढ्या उंचीवर.

तिथून आवाज आला. तापाआधीचा, खणखणीत, हसरा, लांबवर ओढलेला.

"ओऽऽ, आले!"